हार्डबॉइल्ड रहस्यकथेतले धारदार संवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रहस्यकथा लिहू पाहणारी मंडळी भेटली की हे प्रश्न हमखास निघतात. कथानक बहुतेकांचं पक्कं असतं. खून कोणी केला, का केला, पुरावा कुठे सापडतो, सगळं ठरलेलं असतं. गाडी अडते ती पात्रांनी तोंड उघडल्यावर. म्हणून इथे फक्त संवादांबद्दल लिहिलंय.

हार्डबॉइल्ड म्हणजे नक्की काय?

शब्द अंड्यावरून आलाय. उकडून उकडून आतून घट्ट झालेलं, दाबलं तरी न वाहणारं अंडं. मराठीत याला रुळलेला प्रतिशब्द नाही. 'निबर' हा शब्द मला जवळचा वाटतो, पण मी स्वतः हार्डबॉइल्डच म्हणतो.

हा प्रकार अमेरिकेत जन्मला. १९२० साली तिथे 'ब्लॅक मास्क' नावाचं स्वस्त कागदावरचं मासिक सुरू झालं. १९२३ मध्ये कॅरोल जॉन डेलीचा बंदूकधारी खासगी गुप्तहेर त्यात अवतरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डॅशियल हॅमेटचा, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एजन्सीत नोकरी करणारा, शेवटपर्यंत नाव न कळणारा गुप्तहेर. पुढे जोसेफ शॉ हे १९२६ ते १९३६ या काळात संपादक होते आणि मासिकाला खरी धार त्यांनी लावली. रेमंड चँडलरची पहिली कथा १९३३ च्या डिसेंबरात इथेच छापून आली.

तेव्हा देशात दारूबंदी होती (१९२० ते १९३३). चोरट्या दारूचा पैसा पोलिसांपर्यंत आणि नगरपालिकांपर्यंत पोचत होता. अशा शहरात साधा प्रश्न विचारणंसुद्धा धोक्याचं, आणि खरं उत्तर देणं त्याहून धोक्याचं. इंग्रजी बंगल्यातल्या खुनाच्या गोष्टीत गुप्तहेर दिवाणखान्यात सगळ्यांना बसवतो आणि विचारतो, 'रात्री दहा वाजता आपण कुठे होतात?' लोक उत्तर देतात, खोटं का होईना. हार्डबॉइल्डमध्ये उत्तर फुकट मिळत नाही. त्यासाठी पैसे मोजावे लागतात, मार खावा लागतो, नाहीतर समोरच्याला बोलणं भाग पडेल असं काहीतरी बोलावं लागतं. या कथांची भाषा घडली ती या अडवणुकीतून.

मग धारदार संवाद म्हणजे टोमणे, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा याच समजुतीने होतो.

धार येते ती नकारातून. एकाला काहीतरी हवं आहे आणि दुसऱ्याला ते द्यायचं नाही. नाव, पत्ता, पैसे, माफी, झोप, काहीही असेल. हवं असणारा मागतो आणि नको असणारा टाळतो, पण दोघांनाही उघड भांडण परवडणारं नसतं. त्या दोघांमध्ये जे बोललं जातं ते आपोआप आखूड आणि तिखट होतं. आधी हा ताण नसेल तर कितीही चटपटीत वाक्यं लिहा, ती पात्राची न राहता लेखकाची होतात. वाचकाला लगेच कळतं की हा माणूस घरून वाक्य पाठ करून आलाय.

असं बोलणं ऐकायला अमेरिकेत जायला नको. एका एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी मी उभा होतो. पुढच्या आजोबांनी विचारलं, "साताऱ्याची?"

"लागेल."

"कधी?"

"लागली की."

आजोबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "मग मी इथेच उभा राहतो." आणि खिडकी अडवून उभे राहिले. दोन मिनिटांत आतून फलाट नंबर आणि वेळ, दोन्ही मिळालं.

यात टोमणा कुठेच नाही. आजोबांनी आवाजही चढवला नाही. पण शेवटच्या वाक्याने खिडकीमागच्या माणसाला जागचं हलवलं. संवाद लिहिताना मी अजूनही हा प्रसंग आठवतो आणि स्वतःला विचारतो: या वाक्याने कोण हललं?

एखादा प्रसंग लिहून दाखवाल का? आधीचा आणि सुधारलेला.

दाखवतो. माझ्याच एका कथेतला आहे. एका बाईचा खून झालाय. खासगी गुप्तहेर ग्रँट रोडच्या एका लॉजवर येतो. मंगळवारी बारा नंबरच्या खोलीत कोण उतरलं होतं, हे त्याला हवंय. पहिला खर्डा असा होता:

"नमस्कार. मी खासगी गुप्तहेर आहे. मंगळवारी रात्री बारा नंबरच्या खोलीत कोण उतरलं होतं, हे मला जाणून घ्यायचं आहे."

"माफ करा, आम्ही गिऱ्हाइकांची माहिती कोणाला देत नाही."

"हे बघा, हे खुनाचं प्रकरण आहे. खरं सांगितलं नाहीत तर तुम्हीच अडचणीत याल."

"मला धमकी देऊ नका. मी कोणाला घाबरत नाही."

चूक काहीच नाही आणि जिवंतही काहीच नाही. दोघंही आपापल्या मनातलं सरळ सांगून मोकळे होतात. 'मी घाबरत नाही' असं म्हणणारा मॅनेजर घाबरलाय की नाही, याची वाचकाला फिकीरच उरत नाही. पुढचा खर्डा:

"बारा नंबर."

"एसी की साधी?"

"मंगळवारची."

त्याने रजिस्टर मिटलं. अंगठा मात्र पानांमध्येच राहिला.

"मंगळवारी लॉज बंद होतं."

"कशासाठी?"

"रंगकाम."

मी भिंतीकडे पाहिलं. बाकड्याच्या वर, डोकी टेकून टेकून पडलेला तेलकट पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता.

"रंग चांगला बसलाय."

तो काही बोलला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मला दोन पोरं आहेत."

"तिलाही होती."

आता बघा, 'खून' हा शब्द आलेला नाही. 'धमकी' आलेला नाही, 'भीती'ही नाही. तरी मॅनेजरला माहिती आहे, तो खोटं बोलतोय, कोणीतरी त्याला दम दिलाय आणि ते पान त्याच्या अंगठ्याखाली आहे, एवढं सगळं वाचकाला कळतं. 'तिलाही होती' हे वाक्य सुटं काढून वहीत लिहिलं तर त्यात काहीच नाही, दोन साधे शब्द आहेत. त्याची धार आधीच्या वाक्यात आहे. मॅनेजरने पोरांची ढाल पुढे केली, म्हणून ते लागलं. आधी चमकदार उत्तर सुचतं आणि मग त्यासाठी प्रश्न शोधला जातो, असं नवख्या लेखकाचं होतं. तसं लिहिलेलं जोडकाम दिसून येतं.

हॅमेटचे संवाद इतके कोरडे कसे काय झाले?

तो स्वतः हे काम करून आला होता. १९१५ साली बाल्टिमोरमध्ये तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर एजन्सीत लागला आणि मधला सैन्यातला काळ सोडला तर विशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथेच होता. पाळत ठेवायची, माणसं शोधायची आणि संध्याकाळी अहवाल लिहायचा. अहवालात 'त्याच्या काळजात चर्र झालं' असं लिहिता येत नाही. माणूस काय बोलला, किती वाजता बोलला आणि बोलताना हात कुठे होते, एवढंच लिहिता येतं.

१९३० च्या 'द माल्टीज फाल्कन'मध्ये त्याने हीच शिस्त अख्ख्या कादंबरीभर पाळली. कोणाच्याही मनात तो शिरत नाही. दुसऱ्या प्रकरणात मध्यरात्री फोन येतो आणि कादंबरीतला गुप्तहेर सॅम स्पेड याला आपला भागीदार मेल्याचं कळतं. फोन ठेवल्यावर स्पेड एक सिगरेट वळतो. तंबाखू कागदावर कशी सांडली, बोटांनी ती कशी पसरली, कड कशी दुमडली, हे हॅमेट बारकाईने सांगत राहतो. दुःख झालं की नाही, याबद्दल अक्षर नाही. ही गप्प राहण्याची जागासुद्धा मी संवादातच धरतो. तिथे स्पेड दोन वाक्यं बोलला असता तर ती जागा वाया गेली असती.

चँडलरने एका पत्रात याच्याच जवळचं काही सांगितलंय. वाचकाला फक्त मारामारी हवी असते असं प्रकाशक समजतात, पण त्याच्या लक्षात राहतं वेगळंच, असं तो म्हणतो. उदाहरण देतो ते असं: एक माणूस मरणाच्या दारात आहे आणि गुळगुळीत टेबलावरची कागदं अडकवायची एक क्लिप उचलायचा प्रयत्न करतोय. ती सारखी बोटांतून निसटते. त्या क्षणी त्याच्या डोक्यात मरणाचा विचारही नाही. हे वाचल्यापासून प्रसंग लिहायला बसलो की मी आधी टेबलावर काय आहे ते ठरवतो. लॉजच्या प्रसंगातला अंगठा तिथूनच आला.

तू, तुम्ही, आपण यांचं काय करायचं?

हा प्रश्न माझ्या सगळ्यात आवडीचा, कारण इथे मराठी लेखकाच्या हातात असं हत्यार आहे जे हॅमेट आणि चँडलरकडे नव्हतं. त्यांच्याकडे एकच 'यू'. जवळीक किंवा तुच्छता दाखवायची तर 'स्वीटहार्ट', 'एंजल' असं काहीतरी जोडावं लागायचं. आपल्याकडे नुसतं क्रियापद पुरतं.

इन्स्पेक्टर एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याला चौकशीला बोलावतो.

"बसा. मंगळवारी रात्री कुठे होतात?"

"घरी."

"आणि बुधवारी कुठे होतास?"

एवढंच. 'आता तुझा खोटेपणा उघडा पडला' हे सांगायला नको. 'होतात'चं 'होतास' झालं आणि खुर्चीतल्या माणसाची पत गेली. इन्स्पेक्टरचा आवाज तोच ठेवा, त्याला टेबलावर मूठ आपटायला लावू नका, नाहीतर हा बदल कोणाला ऐकू येणार नाही.

उलटी चालही तेवढीच भारी पडते. सगळ्या वस्तीला 'ए' म्हणून हाक मारणारा दादा एके दिवशी एखाद्याला "या, बसा" म्हणतो. त्या माणसाने तिथून पळ काढावा, असं वाचकाला आतून वाटतं. आणि नवरा-बायकोच्या प्रसंगात कायम 'अहो' म्हणणारी बाई पोलिसांसमोर नवऱ्याचं नाव घेऊन बोलली, तर तिने लग्न तिथल्या तिथे मोडलं. हे वापरायचं तर कथेत एकदा किंवा फार तर दोनदा. दर पानावर संबोधन बदलत राहिलं तर वाचकाला ती मुद्रितशोधनाची चूक वाटते.

मराठीत अशा आणखी कोणत्या जागा आहेत?

भरपूर आहेत. 'म्हणे' घ्या. "नवरा गावाला गेलाय म्हणे." एका शब्दात शंका, अंतर आणि 'मला सगळं ठाऊक आहे' हे तिन्ही येतं. 'च' घ्या. "दार उघडं होतं" आणि "दार उघडंच होतं" यांत दुसरा माणूस सफाई देतोय. 'बरं का', 'की नाही', 'असं होय', ही सगळी छोटी अवजारं आहेत आणि ती परभाषेतून अनुवाद करणाऱ्याच्या हाती लागत नाहीत.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे 'झालं' आणि 'केलं'. आपल्या भाषेत माणूस गुन्ह्यातून क्रियापदाच्या वाटेने निसटू शकतो. 'मी मारलं' असं सहसा कोणी म्हणत नाही. 'माझ्या हातून झालं' म्हणतो. 'धक्का लागला', 'सुरा लागला', 'भांडण वाढत गेलं'. जणू सुरा आपला आपणच चालत आला. जबाबाचा अख्खा प्रसंग या दोन क्रियापदांवर उभा करता येतो. चौकशी करणारा शांतपणे विचारत राहतो: "लागला, की मारला?" समोरचा पुन्हा 'लागला' म्हणतो. पुन्हा प्रश्न. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो 'मारला' म्हणतो तेव्हा पानभर वर्णनाचं काम एका शब्दाने झालेलं असतं.

शब्दक्रमाकडेही लक्ष द्या. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं आणि बरेचदा ते क्रियापद 'आहे', 'होतं' असं बोथट असतं. घाव घालणारा शब्द वाक्याच्या मध्ये अडकला की जोर जातो. "तुझ्या भावाने मला तुझा पत्ता दिला आहे" याऐवजी "पत्ता मिळाला. तुझ्या भावाकडून." बोलताना आपण हे सहज करतो, लिहायला बसलो की शाळेतलं व्याकरण आठवतं.

शिव्या किती घालाव्यात?

जेवढ्या टाळता येणार नाहीत तेवढ्या. शिवी हा बहुतेक वेळा लेखकाने घेतलेला आराम असतो. पात्र चिडलंय हे दाखवायचं आणि वाक्य सुचत नाही, म्हणून शिवी. खरोखर धोकादायक माणूस शिवी वाया घालवत नाही.

हॅमेटला तर शिव्या छापायची मुभाच नव्हती. शॉ अश्लील शब्द काटेकोरपणे काढून टाकायचे. त्यावर हॅमेटने केलेली युक्ती प्रसिद्ध आहे. एका तरुण गुंडाबद्दल स्पेड 'गनसेल' हा शब्द वापरतो. त्यात 'गन' ऐकून सगळ्यांनी त्याचा अर्थ बंदूकवाला असा घेतला आणि शब्द छापून गेला. मूळ अर्थ होता एखाद्या वयस्कर पुरुषाने ठेवलेला पोरगा. गंमत अशी की पुढे लोकांनी तो शब्द बंदूकवाला याच अर्थाने वापरायला सुरुवात केली. मला यात शिकण्यासारखं वाटतं ते हे, की बंधन होतं म्हणून हॅमेट नेमक्या शब्दाच्या मागे लागला. शिव्या लिहायची सगळी मोकळीक आज आहे, तरी एकदा सगळा प्रसंग शिवीशिवाय लिहून बघा. मग वाटलं तर एक परत घाला.

चँडलरसारख्या उपमा वापरू का?

आधी त्या त्याला कशा सुचल्या ते बघा. चँडलर शिकागोत जन्मला, पण शाळा झाली लंडनमधल्या डलिच कॉलेजात. लॅटिन-ग्रीक शिकलेला माणूस. पुढे लॉस एंजेलिसमध्ये तेल कंपनीत मोठ्या पगारावर होता, १९३२ मध्ये ती नोकरी गेली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तो स्वस्त मासिकांसाठी लिहायला बसला. अमेरिकन भाषा मला परक्या भाषेसारखी शिकावी लागली, असं तो सांगायचा. त्यामुळे रस्त्यावरचा साधा शब्दही त्याला नवा ऐकू येत होता, आणि त्या कानातून त्या उपमा आल्या.

आपण त्या नुसत्या मराठीत आणल्या तर पावसाळी रात्र, टोपी आणि व्हिस्की येते, माणूस येत नाही. आणखी एक: त्याच्या बहुतेक गाजलेल्या उपमा निवेदनात आहेत. त्याचा गुप्तहेर मार्लो मनाशी बोलतो तेव्हा त्या येतात. तोंडाने बोलताना तो बराच मोजकं बोलतो. सगळी पात्रं उपमा देऊन बोलू लागली की सगळी एकाच आवाजात बोलतात. उपमा द्यायचीच तर ती पात्राच्या धंद्यातून येऊ द्या. शिंप्याचा मुलगा खोट्या साक्षीला 'कच्ची शिवण' म्हणेल. मासे विकणारी बाई माणसाचं कल्लं उघडून बघेन म्हणेल.

गुन्हेगारी जगातले शब्द कुठून आणायचे?

हावरटपणा करू नका, एवढंच आधी सांगतो. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, पंटर, खबरी, सुपारी, गेम वाजवणे, हे मुंबईतले शब्द चित्रपटांनी आणि वर्तमानपत्रांनी घरोघरी पोचवलेत. एका पानात पाच वापरले तर पात्र गुन्हेगार न वाटता गुन्हेगाराची नक्कल करणारा वाटतो. चँडलरचं मत होतं की बोलीतले शब्द दोनच प्रकारचे उपयोगी: भाषेत पक्के रुजलेले, किंवा लेखकाने स्वतः घडवलेले. बाकीचे छापून येईपर्यंत शिळे होतात.

मला स्वतःला सरकारी कागदावरचे शब्द जास्त कामाचे वाटतात. 'तडीपार' हा शब्द बघा. तो आदेशात आहे आणि नाक्यावरही आहे. 'पंचनामा', 'हजेरी', 'इसम', 'सदर इसम', 'मिळून आला'. हवालदार घरी बायकोशी बोलतानाही चुकून 'मिळून आला' म्हणतो, तेव्हा त्याची तीस वर्षांची नोकरी दिसते.

हिंदीचं काय, हेही विचारतात. मुंबईतला माणूस समोरच्याला बघून भाषा बदलतो. म्हणून भाषा कधी बदलते याला अर्थ हवा. मराठीत बोलणारा हवालदार मध्येच हिंदीवर गेला, तर त्याने समोरच्याला परकं केलं. हिंदीत धमकावणारा एकदम "गाव कुठलं तुझं?" म्हणाला, तर वाटाघाटी सुरू झाल्या.

पोलिसांसमोर कबुली दिली की प्रसंग संपवता येतो ना?

अमेरिकन कथा वाचून बरेच जण असं लिहितात आणि आपल्याकडे ते गडगडतं. आपल्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे २५ व्या कलमात होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते २३ व्या कलमात आहे. मात्र कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर जेवढ्या बोलण्याने ती सापडली तेवढा भाग पुराव्यात येतो.

संवादासाठी हे केवढं मोठं घबाड आहे! 'खून तू केलास?' या प्रश्नाला आपल्या इन्स्पेक्टरच्या लेखी फारशी किंमत नाही. त्याला हवं असतं 'कोयता कुठे टाकलास?' आरोपी अनुभवी असेल तर त्यालाही हे ठाऊक असतं. तो हसत हसत खून कबूल करेल आणि कोयत्याचं नाव निघालं की पाणी मागेल. आता प्रश्न कोयत्याभोवती फिरतात, उत्तरं त्याला वळसा घालतात, आणि दोघंही एका विहिरीबद्दल बोलत असूनही विहीर हा शब्द उच्चारत नाहीत.

उलट बाजूचीही काळजी घ्या. तुमची कथा १९३० च्या लॉस एंजेलिसमध्ये घडत असेल तर पोलीस 'तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे' असं बोलून दाखवणार नाहीत. तो मिरांडा खटल्याचा निकाल १९६६ चा.

स्त्री पात्रं नेहमी मोहिनीसारखीच का बोलतात?

कारण तशी उतरवून काढणं सोपं असतं. अर्धे मिटलेले डोळे आणि दुहेरी अर्थाचं वाक्य. लिहिणाऱ्याने तिला काय हवंय हे ठरवलेलंच नसतं. तिला गुप्तहेराकडून काम करून घ्यायचंय, की त्याला थांबवायचंय, की फक्त त्याला किती ठाऊक आहे ते बघायचंय? हे ठरलं की तीच प्रश्न विचारायला लागते आणि प्रसंगाचा तोल बदलतो.

ली ब्रॅकेट यांची गोष्ट यासाठी सांगावीशी वाटते. १९४४ मध्ये त्यांची एक हार्डबॉइल्ड कादंबरी आली. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स तिच्यातल्या संवादांवर इतके खूश झाले की 'या ब्रॅकेट नावाच्या माणसाला बोलवा' असा निरोप त्यांनी धाडला. आली ती एक तरुणी. १९४६ च्या 'द बिग स्लीप' चित्रपटाच्या पटकथेवर कादंबरीकार विल्यम फॉकनरच्या जोडीने त्यांचं नाव आहे.

'तो म्हणाला' पुन्हा पुन्हा आलं तर कंटाळवाणं होत नाही का?

होत नाही, ते दिसतच नाही. कंटाळा 'गरजला', 'गुरकावला', 'दात ओठ खात उद्गारला' याचा येतो. वाक्यात राग असेल तर 'गरजला' नको, आणि वाक्यात राग नसेल तर 'गरजला' लिहून तो येणार नाही. दोघंच बोलत असतील तर 'म्हणाला'ही काढून टाका. मराठीत तर 'गेलो' आणि 'गेले' यावरूनच बोलणारा कोण ते बरेचदा कळतं.

मोठ्याने वाचून पाहावं का?

पाहावं, पण त्याच्या आहारी जाऊ नये. १९४४ च्या 'डबल इन्डेम्निटी' चित्रपटाची पटकथा चँडलर आणि दिग्दर्शक बिली वाइल्डर लिहीत होते. मूळ कादंबरी जेम्स केनची. वाइल्डरला केनचे संवाद जसेच्या तसे हवे होते. चँडलरचं म्हणणं पडलं की ते डोळ्यांसाठी लिहिलेत, कानाला सपाट लागतील. नटांकडून वाचून घेतले तेव्हा चँडलरचं खरं निघालं, आणि स्वतः केननेही ते मान्य केलं. म्हणजे पानावर उत्तम चालणारा संवाद तोंडी पडेल असं नाही, आणि उलटही. कथा लिहिताय तर शेवटचा निवाडा डोळ्यांचा. मोठ्याने वाचण्याचा खरा उपयोग जीभ कुठे अडखळते ते कळायला होतो. तिथे बहुतेक वेळा 'परंतु' किंवा 'त्यामुळे' सापडतं.

मराठीत या प्रकारची परंपरा आहे का?

रहस्यकथेची आहे आणि दणदणीत आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यासाठी लोक वाचनालयांत रांगा लावायचे. सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंदवर पुढची पिढी वाढली. पण तो बाज मुख्यतः साहसाचा. थकलेला, भाडं थकवलेला, नीतीचा हिशेब मनातल्या मनात जुळवणारा खासगी गुप्तहेर मराठीत अजून फारसा बोललेला नाही. आपल्याकडच्या खासगी गुप्तहेरांचं बरंचसं काम लग्नाआधीच्या चौकशीचं असतं. मुलगा खरंच कुठे नोकरी करतो, आधीचं काही प्रकरण आहे का. मला ही सुरुवात फार चांगली वाटते. खोटं बोलणारी दोन सभ्य घरं, मध्ये हा माणूस, आणि सगळ्यांच्या हातात चहाचे कप.

प्रसंग कुठे थांबवायचा?

उत्तर मिळण्याच्या जरा आधी. लॉजच्या प्रसंगात मी 'तिलाही होती' नंतर पाऊण पान लिहिलं होतं. मॅनेजर कोसळतो, सगळं सांगतो, गुप्तहेर त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. एका जाणकार संपादकांनी त्या सगळ्यावर पेन्सिलने उभी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'हा हो म्हणणार नाही.' मला ते पटायला आठवडा लागला. त्याला नकारच द्यायचा होता, पहिल्या ओळीपासून, आणि मी त्याच्याकडून जबरदस्तीने होकार घेतला होता. आता तो प्रसंग असा संपतो:

"तिलाही होती."

त्याचा अंगठा पानांतून बाहेर आला. रजिस्टर त्याच जागी उघडं पडलं.

"चहा सांगून येतो," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला.